बहुमत : मतांचे की जन्माचे?

गेल्या वैशाखात आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांसमवेत भाटघरला जाण्याचा योग आला. जलाशयातील पाणी बरेच खाली गेले होते. वर्षातील बहुतेक महिने वेळवंडीच्या पाण्याखाली असणारे कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडले होते आणि आसपासच्या गावांतील माणसे दर्शनाला येत होती. त्यांच्याकडे पाहत आमच्यातील एका तरुणाने विचारले, "फादर, हे धरण बांधायचे ठरले, तेव्हा या लोकांना कोणी विचारले होते का?"

उत्तर सोपे होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेच्या कालव्यांची योजना आली. त्यासाठी येथे १८९२ साली पहिले धरण पुरे झाले. आजचे मोठे धरण १९२७ च्या सुमारास उभे राहिले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. भोर हे तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते व त्यावर ब्रिटिशांचे अधिराज्य होते. प्रजेला मत नव्हते, त्यामुळे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही हे सांगून थांबलो. पण त्या तरुणाचे समाधान झाले नाही. "आणि आज ठरवायचे असते तर? आज मत आहे." यावर आम्हांला तेथे काही बोलता आले नाही.

कारण आज मोजणी केली, तरी तिचा निकाल आधीच ठरलेला आहे. या पाण्यावर डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरची आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसची शेती उभी आहे. त्या तालुक्यांपुढे वेळवंडीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांची संख्या ती किती? धरण झाले हे वाईट झाले, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दुष्काळात माणसे मरत होती आणि या पाण्याने लाखोंना अन्न दिले. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यांची संख्या कधीच वाढणार नाही, त्यांना लोकशाही काय देते? राजाच्या काळी त्यांना विचारले गेले नाही. लोकशाहीत विचारले जाईल, पण उत्तर मोजल्यावर ते हरलेलेच असतील. या दोन अवस्थांत फरक पडावा, यासाठी लोकशाहीत मोजणीखेरीज आणखी काय हवे?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही घरी परतलो आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या पुस्तिकेचे पुनर्वाचन केले. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडात ती आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात तो खंड असेल. मात्र त्यातील जातिनिर्मूलनावरील निबंध जितका वाचला जातो, तितकी ही पुस्तिका वाचली जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

पुस्तिका १९४७ सालची. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ठेवण्यासाठी ती लिहिली गेली. तिचे रूप ध्यानात घेण्याजोगे आहे. लेखक आपल्या समाजाचे गाऱ्हाणे मांडावयास बसलेला आहे, परंतु निवेदनाची भाषा न वापरता तो सरळ राज्यघटनेची कलमे लिहितो आणि त्यांमागची कारणे मागाहून टिपणांत देतो. अन्यायाचे प्रत्येक स्मरण त्याने एखाद्या कलमात बदलून ठेवले आहे. सामाजिक बहिष्काराचेच पाहा. घर वा जमीन नाकारणे, व्यवहार तोडणे, काम न देणे, अशी बहिष्काराची बारकाईने व्याख्या करून तो गुन्हा ठरवावा, अशी तरतूद येथे आहे आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो २०१६ साली. एका कलमाला वाट पाहावी लागलेला हा काळ जवळजवळ सत्तर वर्षांचा आहे!

पुस्तिकेचा गाभा आमच्या मते दोन विचारांत आहे. पहिला विचार अल्पसंख्य कोणास म्हणावे याविषयीचा. धर्म निराळा असला म्हणजेच अल्पसंख्य, हे मत आंबेडकरांना मान्य नाही. समाजाकडून होणारा भेदभाव ही त्यांची खरी कसोटी आहे. दुसरा विचार बहुमताविषयीचा. १९४५ सालच्या मे महिन्यात मुंबईत केलेल्या भाषणात त्यांनी तो अधिक स्पष्ट केला होता. इंग्लंडमध्ये बहुमत हे मतांमुळे तयार होते. आज एका पक्षाचे मत पटले, उद्या दुसऱ्याचे पटेल आणि आजचा पराभूत उद्या राज्य करील. या आशेवरच पराभूत पक्ष निकाल मान्य करीत असतो. जेथे बहुमत जन्माने ठरते, तेथे ते बदलत नाही आणि ती आशाही उरत नाही. इंग्लंडची मंत्रिमंडळ पद्धती जशीच्या तशी येथे आणली, तर जन्माचे बहुमत मतांच्या बहुमताचा वेष घेऊन कायमचे राज्य करील, ही त्यांची भीती होती.

हे निदान आजही खोडून काढता येत नाही. आम्हां ख्रिस्ती वाचकांना ते पटवून द्यावयाचीही गरज नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडी कमी होती. निव्वळ संख्येच्या बळावर आमचे कोणतेही म्हणणे कोणत्याही सभागृहात कधी मान्य होणार नाही. ते मान्य व्हावयाचे, तर इतरांना पटावे लागेल.

निदानानंतर उपाय. १९४७ च्या पुस्तिकेत मंत्रिमंडळाची रचनाच बदलली आहे. पंतप्रधान सर्व सभागृहाने निवडावा. अल्पसंख्य समाजांचे मंत्री त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत. बहुसंख्य समाजाचे मंत्री मात्र सर्व सभागृहाने निवडावेत, म्हणजे अल्पसंख्यांचा विश्वास मिळविल्याखेरीज बहुसंख्य समाजातील नेत्यालाही मंत्री होता येऊ नये. या शेवटच्या तरतुदीवर आम्ही बराच वेळ थबकलो. अल्पसंख्यांस भिंत बांधून द्यावी आणि त्यांनी तिच्या आत सुखाने राहावे, एवढ्यावर ही योजना थांबत नाही. बहुसंख्यांचा प्रतिनिधी कसा असावा, यातही ती अल्पसंख्यांना वाटा देते. शिवाय अल्पसंख्यांना कशी वागणूक मिळाली, याचा वार्षिक अहवाल देणारा एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याचीही सूचना तिच्यात आहे.

येथे मात्र आम्हांला थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. समाजवार याद्या करून सत्ता वाटली, की त्या याद्या गोठतात. याचे उदाहरण आमच्याच मॅरोनाइट धर्मबंधूंच्या लेबाननमध्ये आहे. तेथे १९४३ च्या राष्ट्रीय करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया, अशी वाटणी झाली. तिला आधार होता १९३२ च्या शिरगणतीचा. त्यानंतर तेथे अधिकृत शिरगणतीच झाली नाही, कारण आकडे बदलले तर वाटणीही बदलावी लागेल, ही धास्ती. १९७५ ते १९९० या काळात तो देश यादवी युद्धात होरपळला. त्या युद्धाला इतरही कारणे होती, हे खरे. परंतु माणसाने आपल्या जमातीबाहेर पडून मत द्यावे, असे त्या व्यवस्थेत काहीच नव्हते. जन्माचे बहुमत मोडण्यासाठी जन्माचीच यादी वापरली, तर जन्म अधिकच पक्का होतो.

ही उणीव स्वतः आंबेडकरांच्या ध्यानात आली असावी, असे त्याच खंडातील 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या १९५५ च्या पुस्तिकेवरून आम्हांला वाटते. तेथे ते वेगळा मार्ग सुचवितात. एका मतदारसंघातून दोन किंवा तीन सभासद निवडावेत आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मोकळीक असावी. अशा पद्धतीत थोडी संख्या असलेले लोकही एकत्र आले, तर आपला एक प्रतिनिधी निवडून आणू शकतात आणि कोणी कोणाशी एकत्र यावे, हे जन्मावर न राहता मतदारावर राहते. मराठी प्रदेशाचे एकच विशाल राज्य न करता चार राज्ये करावीत, हा त्यांचा तेव्हाचा विचारही याच काळजीतून आलेला आहे. राज्य जितके मोठे, तितके त्यातील मोठ्या जातीचे ओझे लहान जातींवर अधिक, असा तो हिशेब होता. महाराष्ट्राला तो रुचला नाही. पण १९४७ ते १९५५ हा प्रवास लक्षात न घेता यांपैकी एकाच पुस्तिकेवरून त्यांचे मत ठरविणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

या दोन तारखांच्या मध्ये आमच्या समाजाचाही एक निर्णय आहे. घटना समितीने आधी धार्मिक अल्पसंख्यांना राखीव जागा देऊ केल्या होत्या. १९४९ च्या मे महिन्यात त्या सोडून देण्याचा ठराव सल्लागार समितीत ज्यांनी आणला, ते घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांत येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा होते. फाळणीच्या जखमा ताज्या असताना अल्पसंख्यांनी बहुसंख्यांवर टाकलेला तो विश्वास होता. आम्ही गुरुविद्यालयात होतो, तेव्हा ही हकीगत आम्हांस अभिमानाने शिकविली गेली आणि आजही तिचा अभिमान वाटतो. पण समीक्षकाने आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. हा त्याग करताना आम्ही कोणाच्या वतीने बोलत होतो?

कारण पुढच्याच वर्षी, १९५० साली, अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्यात हिंदू नसलेल्यांना वगळण्यात आले. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धार्मिक अट काढावी अशी शिफारस केली, तीही अद्याप कागदावर आहे. अहमदनगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरमधील, आमच्या कितीतरी कुटुंबांच्या आयुष्यावर या एका परिच्छेदाची सावली आहे. आंबेडकरांची कसोटी, म्हणजे सामाजिक भेदभाव, लावली असती, तर धर्म बदलल्याने गावाची वागणूक बदलली का, हा पहिला प्रश्न ठरला असता. बदलली नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली असतात. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद असल्याची उघड कबुली दिली. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेल्या हक्काचा आम्ही शाळा-महाविद्यालयांसाठी उत्तम उपयोग केला. त्या संस्थांतील निर्णय घेताना आमच्यातीलच दुबळ्यांना कितपत विचारले, याचा हिशेब मात्र आम्ही मांडलेला नाही. बाहेर जो अल्पसंख्य असतो, तो घरात बहुसंख्य असू शकतो.

याविषयीची एक आठवण येथे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे मराठी, कोंकणी, तमिळ आणि इंग्रजी बोलणारी कुटुंबे होती. सणाची मुख्य मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी, यावर वाद झाला. वाद वाढू नये म्हणून आम्ही हात वर करून मते घेतली. मोजणी चोख झाली. कामधंद्यासाठी खेड्यांतून आलेली मराठी कुटुंबे हरली. त्यांनी भांडण केले नाही. पुढच्या रविवारी ती मंडळी मागच्या बाकांवर बसली आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतील अनेकजण यावयाचे थांबले. त्यांच्यापैकी एका वृद्ध बाईंच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, तुमचं चुकलं काहीच न्हाई. आमची माणसं कमी, त्याला तुम्ही काय करणार?" त्या वाक्याने आम्हांला जितके लाजविले, तितके कोणत्याही टीकेने लाजविले नसते. त्यानंतर आम्ही वाचने आणि गीते चारही भाषांत वाटून घेतली. थोडे परतले, सगळे नाही.

आमची चूक मोजणीत नव्हती. मतास टाकू नये असा प्रश्न आम्ही मतास टाकला, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम व्हावयाचा, त्यांच्याशी आधी बोललोही नाही.

सार्वजनिक जीवनातही निर्णयाइतकेच महत्त्व हरलेल्यांच्या पदरी काय उरले याला असते. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. चौतीस हजारांच्या फरकाने सीमा ठरली. पण एक लाख अडतीस हजार माणसे कोठे जाणार होती? १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि त्याच कायद्यात मराठीच्या वापरासाठीही तरतूद ठेवली. हरलेल्यांना घरात जागा राहिली, हे त्या कायद्याचे श्रेय. त्याच कायद्यात रोमी लिपीतील कोंकणीला स्थान मिळाले नाही आणि जनमत कौलात जिंकलेल्यांपैकी अनेक कॅथलिक कुटुंबांची प्रार्थनेची व वाचनाची लिपी बाहेर राहिली. जिंकणारा गटही एकजिनसी नसतो, याचे हे बोलके उदाहरण.

बेळगावकडे पाहिले, तर महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी माणूस तेथे अल्पसंख्य आहे. मातृभाषेतून शिक्षण, मातृभाषेतून सरकारी कागद, ही त्याची मागणी आम्हांला न्याय्य वाटते. पण जी सवलत आपण बेळगावात मागतो, ती नंदुरबारच्या भिल्ल मुलाला वा मुंबईतील तमिळ मुलाला देताना आपले मन तितकेच मोठे राहते का? अल्पसंख्य असणे हा कोणा एका समाजाचा कायमचा गुण नाही. सीमा ओलांडली की तो कोणाच्याही वाट्याला येतो.

आता पुन्हा भाटघरकडे वळू. भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ आहे आणि तो बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. म्हणजे धरणाच्या वरचे लोक आणि डाव्या कालव्याच्या बारामती-इंदापूरकडील लोक लोकसभेसाठी एकाच प्रतिनिधीला मत देतात. ज्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ५४ हजार होती. धरणांच्या या मुलखात उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी नवी नाही. येथील महादेव कोळी समाजाची स्थिती आणखी विचार करावयास लावणारी आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात व तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचे विशेष अधिकार आहेत. भोर-वेल्हे त्या क्षेत्रात नाहीत. जेथे संख्या दाट, तेथे संरक्षण. जेथे माणसे विखुरलेली, तेथे तीच माणसे, तेच डोंगर, पण अधिकार निराळे. विखुरलेल्यांना आवाज कसा द्यावा, हाच तर १९५५ च्या पुस्तिकेचा प्रश्न होता, आणि तो अजून शिल्लक आहे.

आंबेडकरांनी मागितलेले सगळेच हवेत विरले, असे नाही. भाषिक अल्पसंख्यांसाठी घटनेच्या ३५०-ब कलमान्वये अधिकारी आहे, १९९२ च्या कायद्याने अल्पसंख्याक आयोग आहे. १९५० पासून लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजासाठी असलेल्या नियुक्त जागा मात्र २०२० साली संपल्या. संस्था येतात, जातात. त्यांना प्राण देणारी सवय समाजात मुरलेली नसेल, तर त्या अहवाल लिहीत राहतात. घटनात्मक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना घटना समितीला बजावले होते. ही जोपासना संसदेत सुरू होत नाही. ती ग्रामसभेत, सहकारी सोसायटीत आणि आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये सुरू होते.

म्हणून या पुनर्वाचनातून आम्ही स्वतःपुरती एक गोष्ट घेतली आहे. वार्षिक अहवाल देणाऱ्या त्या अधिकाऱ्याची सूचना आम्ही आमच्या कौन्सिलपुढे ठेवली. दरवर्षी आगमनकाळापूर्वी एका बैठकीत एवढेच वाचले जावे, की या वर्षी मतदानाने आपण काय काय ठरविले, त्यात कोण हरले, ठरविण्यापूर्वी त्यांच्याशी कोण बोलले होते, आणि ते आज कोठे आहेत. काही सभासदांना हे अनावश्यक वाटले. एकाने विचारले, आता यावरही मते घ्यायची का? सगळे हसले, आम्हीही हसलो. मते घेतली नाहीत. मागच्या बाकांवर बसणाऱ्या दोघांना पहिला अहवाल लिहिण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली.

भाटघरला विचारलेल्या त्या प्रश्नाचे पुरे उत्तर आमच्याजवळ अजूनही नाही. आज धरण ठरवायचे असते, तर कदाचित धरणच झाले असते. परंतु कांबऱ्याच्या माणसाशी आधी कोणी बोलले असते, त्याच्या म्हणण्याने योजनेतील निदान एखादे कलम बदलले असते, आणि धरण भरल्यावरही त्याच्या वाडीला पाणी मिळाले की नाही, हे दरवर्षी कोणी विचारले असते, तर मत असण्याला त्याच्या दृष्टीने काही अर्थ राहिला असता. त्या तरुणाला आम्ही हे पत्राने कळविले आहे.